आर-थ्रीपीजी: सागाच्या रोपवनासाठी कितपत कामाचं?

सागाच्या रोपवनातून पुढच्या तीस वर्षांत किती घनमीटर लाकूड निघेल, दुसऱ्या विरळणीत (उरलेल्यांना जागा मिळावी म्हणून काही झाडं तोडण्याच्या फेरीत) किती झाडं काढायची, मुरमाड कक्षात (कक्ष म्हणजे रोपवनाचा आखलेला तुकडा) आणि भारी जमिनीच्या कक्षात किती फरक धरायचा, हे प्रश्न कार्य आयोजना, म्हणजे वनखात्याची दहा वर्षांची योजना, लिहिताना टळत नाहीत. उत्तरासाठी हाताशी दोन जुनी साधनं असतात. एक, देहरादूनच्या वन संशोधन संस्थेची १९४० सालची उत्पन्न सारणी, म्हणजे वयानुसार किती लाकूड मिळेल याचा तक्ता, जी भारत आणि ब्रह्मदेशातल्या सागाच्या रोपवनांसाठी काढली होती. दुसरं, फॉन मँटेलचं सूत्र. उभा साठा दुप्पट करायचा आणि आवर्तनाच्या, म्हणजे लागवडीपासून अंतिम तोडीपर्यंतच्या, वर्षांनी भागायचं. हेक्टरी १०० घनमीटर साठा आणि ६० वर्षांचं आवर्तन असेल तर वर्षाला हेक्टरी ३.३ घनमीटर तोड बसते. हिशोब दोन मिनिटांत होतो. त्यात पाऊस नाही, जमीन नाही, आणि विरळणी पाच वर्षं लांबली तर काय होईल हेही नाही.

आर-थ्रीपीजी हे रोपवनाच्या वाढीचा अंदाज काढणारं सॉफ्टवेअर ही उणीव भरून काढायचा प्रयत्न करतं. मूळ थ्री-पीजी मॉडेल लँड्सबर्ग आणि वॉरिंग या दोघांनी १९९७ मध्ये मांडलं. मिश्र पिकांसाठी त्याची सुधारित आवृत्ती २०१६ मध्ये आली, आणि २०२० मध्ये त्रोत्स्युक, हार्टिग आणि फॉरेस्टर यांनी हे सगळं ‘आर’ या संगणकभाषेच्या पॅकेजात बसवलं. आतलं गणित फोरट्रान या वेगवान संगणकभाषेत असल्यामुळे साध्या लॅपटॉपवरही साठ वर्षांची वाढ डोळ्याची पापणी लवायच्या आत निघते. पैसे लागत नाहीत आणि स्रोत खुला आहे. आर आणि आर-स्टुडिओ दोन्ही मोफत असल्याने परवान्याची भानगडही नाही.

निष्कर्ष आधीच सांगून टाकतो. दोन पर्यायांतला फरक सांगायला हे मॉडेल उत्तम आहे: विरळणी केली विरुद्ध टाळली, खोल जमीन विरुद्ध उथळ, चांगलं पावसाचं वर्ष विरुद्ध दुष्काळी. हेक्टरी नेमकं किती लाकूड निघेल हा आकडा मात्र, तुमच्याकडे स्थानिक नमुना भूखंडांची मोजणी नसेल तर, त्यातून घेऊ नये. तो आकडा दशांशासकट पडद्यावर येतो म्हणून खरा होत नाही.

आत काय चालतं

महिना हे या मॉडेलचं एकक आहे. दर महिन्याला पानांवर किती प्रकाश पडला, त्यातला किती शोषला गेला, त्याचा किती टक्के कामी आला आणि तयार झालेला माल मूळ, खोड आणि पानं यांत कसा वाटला गेला, एवढंच ते मोजतं. एका महिन्याचा हिशोब हाताने करून पाहिला की बाकीचं आपोआप उमगतं.

समजा जुलैत रोज सरासरी १५ मेगाज्यूल प्रति चौरस मीटर सौरऊर्जा मिळते. तीस दिवसांची झाली ४५०. त्यातली निम्मी, म्हणजे २२५, प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी. एका मेगाज्यूलला २.३ मोल धरले की ५१७ मोल प्रकाशकण. पर्णक्षेत्र निर्देशांक (एक चौरस मीटर जमिनीवर किती चौरस मीटर पानं) ४ आणि शोषणाचा गुणांक ०.५ असेल तर छत्र त्यातला ८६ टक्के प्रकाश अडवतं, राहिले साधारण ४४८. प्रकाश-कार्यक्षमता (शोषलेल्या एका मोल प्रकाशातून किती मोल कार्बन बांधला जातो) ०.०५५ धरली आणि तापमान, पाणी, आर्द्रता, सुपीकता, वय या सगळ्यांनी मिळून ती निम्म्यावर आणली, तर १२.३ मोल कार्बन. एका मोलला २४ ग्रॅम कोरडा माल, म्हणजे चौरस मीटरला २९५ ग्रॅम, हेक्टरी जवळपास तीन टन. यातले ५३ टक्के झाड स्वतःच्या श्वसनात खर्च करतं असं मॉडेल सरसकट मानतं. हाती राहिले हेक्टरी १.४ टन, आणि त्यातून मुळांचा वाटा अजून जायचाय.

या साखळीत कुठलाही एक आकडा चुकला की त्याच प्रमाणात शेवटचा आकडा चुकतो. सर्वांत जास्त होणारी चूक सौरऊर्जेच्या एककाची. नासाच्या पॉवर संकेतस्थळावर हीच माहिती किलोवॅट-तासातही मिळते आणि मेगाज्यूलमध्येही. किलोवॅट-तासाचा स्तंभ तसाच चिकटवला तर १५ च्या जागी ४.२ जातात आणि वाढ साडेतीन पटींहून अधिक कमी दिसते. मॉडेल चूक दाखवत नाही, कारण ४.२ हा आकडा त्याच्या दृष्टीने अशक्य नाही. मग माणूस जमिनीला दोष देत बसतो.

निलगिरीचे आकडे सागाला चालत नाहीत

पॅकेजसोबत नमुना म्हणून जे आकडे येतात ते युरोपातल्या बीच आणि पाइन यांचे. जगभर सर्वांत जास्त फिरणारा संच ऑस्ट्रेलियातल्या निलगिरीचा आहे. एका जातीसाठी ऐंशीच्या आसपास आकडे भरायचे असतात. त्यामुळे मिळेल तो संच उचलायचा मोह होतो, आणि खरी गडबड इथेच होते.

तापमानाचं उदाहरण घ्या. निलगिरीच्या त्या संचात किमान, अनुकूल आणि कमाल तापमान अनुक्रमे ८.५, १६ आणि ४० अंश आहे. चंद्रपूरकडे जुलै-ऑगस्टमध्ये महिन्याचं सरासरी तापमान २८ अंश धरा. सूत्रात घातलं तर गुणक येतो ०.२८. म्हणजे सागाचा वाढीचा खरा हंगाम सुरू असताना मॉडेल म्हणतं की हवा गरम आहे, वाढ २८ टक्केच होईल. सागासाठी अनुकूल तापमान पंचविशीच्या पुढेच धरायला हवं. परदेशातल्या सागाच्या लागवडींवर बसवलेले आकडे प्रकाशित शोधनिबंधांत सापडतात आणि सुरुवातीला तेच घ्यावेत. पण तिथला पाऊस वेगळा असतो, त्यामुळे पाण्याशी संबंधित आकडे जसेच्या तसे उचलू नयेत.

दुसरा सापळा सुपीकतेचा. सुपीकता शून्य ते एक या मापात द्यायची असते आणि ती दोन ठिकाणी काम करते. एक, प्रकाश-कार्यक्षमतेवर. दोन, मुळांना किती माल जाईल यावर. जमीन निकृष्ट तितका मुळांचा वाटा मोठा, आणि खोडाला उरेल ते कमी. निलगिरीच्या जुन्या संचात पहिला रस्ता बंद ठेवलेला आहे. तो संच तसाच वापरून सुपीकता ०.३ वरून ०.८ केली तर अपेक्षेपेक्षा बराच कमी फरक दिसतो, आणि मग सॉफ्टवेअर बिघडलंय असं वाटतं. ते बिघडलेलं नसतं.

सुपीकता प्रयोगशाळेत मोजता येत नाही. मातीच्या अहवालातलं नत्र-स्फुरद-पालाश इथे थेट बसत नाही. त्यामुळे हा आकडा शेवटी सगळी चूक झाकायची चादर होतो: उत्तर जुळलं नाही की सुपीकता हलवायची. ही सवय लागली की मॉडेल वापरण्यात अर्थ उरत नाही. आधी हवामान पक्कं करा, मग जमिनीची खोली आणि पाणी धरण्याची क्षमता, मग झाडाच्या घेर-वजनाचं समीकरण, आणि सगळ्यात शेवटी सुपीकता. एका स्थळप्रतीच्या (जमिनीच्या उत्पादकतेच्या एका वर्गातल्या) सगळ्या कक्षांना एकच आकडा ठेवा. कक्षागणिक वेगळी सुपीकता द्यावी लागत असेल तर मागच्या तीनपैकी काहीतरी चुकलंय.

पानगळीची सोय आहे आणि ती चांगली आहे. पानं कोणत्या महिन्यात येतात आणि कोणत्या महिन्यात गळतात हे महिन्याच्या क्रमांकाने सांगायचं. युरोपातल्या झाडांची पानं वसंतात येतात आणि शरदात गळतात, त्यामुळे नमुन्यात पालवीचा महिना आधी आणि पानगळीचा नंतर दिसतो. आपल्याकडे पानगळ फेब्रुवारीत आणि नवी पालवी पावसाच्या तोंडावर, म्हणजे क्रम उलटा. मॉडेल दोन्ही क्रम समजून घेतं. हे आकडे शून्य ठेवले तर मात्र ते सागाला सदाहरित समजतं आणि एप्रिल-मेमध्येही पाणी प्यायला लावतं. जूनमध्ये जमीन कोरडीठाक दिसेल आणि पुढचं सगळं बिघडेल.

पाण्याचा हिशोब: बलस्थान आणि दुखणंही

आपल्याकडच्या सागासाठी सगळा खेळ पाण्याचा आहे. मॉडेल जमिनीला एक टाकी समजतं. टाकीची क्षमता मिलिमीटरमध्ये द्यायची. साठ सेंटिमीटर खोल मुरमाड जमिनीला पन्नासच्या आसपास, दीड मीटर खोल चिकण-पोयट्याला दोनशेच्या पुढे. हा एक आकडा बदलून पाहिला तरी आपल्या कक्षाचं अर्धं कोडं सुटतं. टाकी लहान असेल तर सप्टेंबरनंतर वाढ झपकन थांबते, मोठी असेल तर नोव्हेंबरपर्यंत चालू राहते. आयोजनेत “उथळ जमीन, वाढ कमी” एवढंच लिहिलेलं असतं, ती कमी म्हणजे किती हे इथे पहिल्यांदा आकड्यात दिसतं. त्यासाठी मातीचा खड्डा खणून खोली मोजावी लागते. नकाशावरची मातीची प्रत घेऊन काम भागवलं तर आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

मातीचा वर्ग १ ते ४ असा द्यायचा, रेताडपासून चिकणमातीपर्यंत. त्याचा परिणाम किती मोठा आहे ते पाहा. टाकीतलं पाणी ४० टक्क्यांवर आलं की रेताड जमिनीत वाढीचा गुणक ०.८ राहतो, चिकणमातीत तोच ०.२३ वर उतरतो. कारण सरळ आहे, चिकणमाती उरलेलं पाणी घट्ट धरून ठेवते. म्हणून वर्ग चुकीचा आणि क्षमता बरोबर, अशी भट्टी जमली तरी उत्तर चुकतं.

आता दुखणं. पहिलं, महिन्याच्या आतलं मॉडेलला काही दिसत नाही. जुलैत ३०० मिलिमीटर पाऊस चार दिवसांत कोसळला आणि पुढे वीस दिवस उघाड गेली, किंवा तोच पाऊस महिनाभर रिमझिम पडला, मॉडेलला दोन्ही सारखंच. खोल जमिनीत याने फार बिघडत नाही. उथळ मुरमात मात्र तो खंडच वाढ ठरवतो, त्यामुळे अशा कक्षांत मॉडेल नेहमी थोडं आशावादी असतं.

दुसरं जास्त तांत्रिक आहे आणि सहज निसटतं. त्या महिन्याचा पाण्याचा गुणक महिन्याच्या सुरुवातीच्या साठ्यावरून काढला जातो. मेअखेर टाकी तळाला गेलेली असते, म्हणजे जूनसाठी चिकणमातीत गुणक ०.०६ च्या आसपास. जूनमध्ये कितीही पाऊस झाला तरी तो जमेला लागतो जुलैपासून. प्रत्यक्षात पाऊस दहा जूनला आला तर साग महिनाअखेरपर्यंत चांगला फोफावलेला असतो. असा दरवर्षी एक महिना वाया जातो आणि तो भरून काढायला वापरणारा नकळत प्रकाश-कार्यक्षमता वाढवतो. मग दुष्काळी वर्षांत वाढ जास्त दिसते. यावर पक्का इलाज नाही. निदान कार्यक्षमता बसवताना चांगली आणि वाईट दोन्ही प्रकारची वर्षं मोजणीत आहेत ना, एवढं पाहावं.

तिसरं सर्वांत धोक्याचं. पाणी साचून राहण्याची कल्पनाच मॉडेलात नाही. टाकी भरली की जास्तीचं पाणी वाहून गेलं, विषय संपला. त्यामुळे जितकी भारी आणि खोल जमीन तितका साग उत्तम, असं उत्तर येतं. काळ्या, निचरा नसलेल्या जमिनीत सागाची काय गत होते हे रोपवनाचं काम केलेल्या वनरक्षकाला विचारा. असे कक्ष मॉडेलात घालूच नयेत.

हवामानाची माहिती गोळा करायला पूर्वी महिने जायचे, आता ती अडचण राहिलेली नाही. पाऊस भारतीय हवामान विभागाच्या पाव अंशाच्या जाळीतून घ्यावा, सौरऊर्जा नासाच्या पॉवरमधून. पाऊसही पॉवरमधूनच घेतला तर काम सोपं होतं, पण डोंगराळ भागात तो बराच पुसट येतो. दव गोठण्याइतक्या थंडीच्या (फ्रॉस्टच्या) दिवसांचा स्तंभ आपल्याकडे शून्य, तरी तो रिकामा सोडू नये, शून्य लिहावं. हवेतल्या कोरडेपणाचा आकडा दिला नाही तर मॉडेल तो किमान-कमाल तापमानावरून स्वतः काढतं. त्यामागे पहाटे हवा दवबिंदूपर्यंत थंड होते असं गृहीत आहे. पावसाळ्यात ते चालतं, विदर्भाच्या उन्हाळ्यात साफ खोटं ठरतं. साग तेव्हा निष्पर्ण असल्याने नुकसान कमी. ऑक्टोबर-नोव्हेंबरची आर्द्रता मात्र जवळच्या केंद्रावरून घेऊन दिलेली बरी.

घेर, व्यास आणि विरळणीचा तक्ता

आपल्याकडे नोंदवहीत घेर असतो, मॉडेलला व्यास हवा असतो. झाडाचं वजन काढायचं समीकरण व्यासाच्या घातावर चालतं आणि घात साधारण २.४ असतो. व्यासाच्या जागी घेर गेला तर वजन पंधरा पटींच्या पुढे फुगतं. एवढी मोठी चूक निदान लगेच डोळ्यांत भरते. न दिसणारी चूक उंचीची: आपल्याकडे छातीची उंची १.३७ मीटर, परदेशी समीकरणांत बहुधा १.३ मीटर. भूखंडातल्या झाडांवर मोजणीच्या जागी रंगाचा पट्टा नसेल तर पाच वर्षांनी दुसरा माणूस टेप दुसरीकडेच लावतो आणि वर्षभराची वाढ त्यातच हरवते.

आणखी एक गोष्ट कागदपत्रांत लिहिलेली असूनही वाचली जात नाही. मॉडेल ज्याला खोड म्हणतं त्यात फांद्या आणि सालही येतात. लाकडाचं घनफळ काढताना त्यांचा वाटा वजा होतो आणि तो वाटा वयानुसार बदलतो. निलगिरीच्या संचात कोवळ्या वयात हा वाटा ७५ टक्के आणि पुढे १५ टक्क्यांवर येतो. सागाच्या फांद्या जाड, त्यामुळे १५ टक्के हा आकडा खुशामत करणारा आहे. तोडलेल्या काही झाडांच्या फांद्या, साल आणि खोड वेगळं वजन करून हा वाटा स्वतः काढावा. घनफळ ताडून पाहायला भारतीय वन सर्वेक्षणाची स्थानिक समीकरणं हाताशी ठेवावीत.

विरळणीच्या तक्त्यात एक चूक अशी आहे की ती पहिल्या वेळी पकडलीच जात नाही. दोन बाय दोन मीटरवर हेक्टरी २५०० सागजड्या (सागाच्या रोपांचे छाटलेले मूळ-खोड) लावल्या आणि पहिल्या यांत्रिक विरळणीत एकाआड एक तिरकी ओळ काढली, म्हणजे १२५० गेली, १२५० राहिली. तक्त्यात विरळणीनंतर उभी राहिलेली झाडं लिहायची असतात. कोणी काढलेली झाडं लिहिली तरी आकडा तोच. दुसऱ्या विरळणीत ४५० काढून ८०० ठेवायची असतात आणि माणूस सवयीने ४५० लिहितो. मॉडेल इमानेइतबारे ४५० झाडं उभी ठेवतं. पुढे व्यास झपाट्याने वाढतो, आलेख देखणा दिसतो आणि कोणाला शंका येत नाही. प्रत्येक विरळणीनंतरची झाडसंख्या निकालातून काढून ताडून पाहा, दुसरा उपाय नाही.

त्याच तक्त्यात काढलेलं झाड सरासरीच्या मानाने किती मोठं होतं याचे तीन गुणक असतात, खोड, मूळ आणि पानांसाठी. यांत्रिक विरळणीत १ ठेवा. नंतरच्या विरळणीत दबलेली, वाकडी झाडं जातात, तेव्हा ०.७ ते ०.८. सगळीकडे १ ठेवलं तर मॉडेल समजतं की चांगली झाडंही तेवढीच कापली.

विरळणी टाळली तर काय होतं हे दाखवण्यात मॉडेल खरंच हुशार आहे. हेक्टरी हजार झाडं असताना सरासरी झाड जास्तीत जास्त किती वजनाचं होऊ शकतं हा एक आकडा द्यायचा, निलगिरीच्या संचात ३०० किलो. संख्या वाढली की ही मर्यादा दीड घाताने खाली येते. २५०० झाडं तशीच ठेवली तर मर्यादा ७६ किलो, निलगिरीच्या समीकरणाने व्यास १६ सेंटिमीटर, घेर ५१. तिथे पोचल्यावर झाडं मरू लागतात. सागासाठी ३०० हा आकडा स्वतःच्या दाट, न विरळलेल्या भूखंडांवरून बदलून घ्यावा. लांबलेल्या विरळणीचं नुकसान वरिष्ठांना पटवून द्यायचं असेल तर हा एक आलेख दहा पानांच्या टिपणीपेक्षा जास्त काम करतो.

सुरुवात लागवडीच्या दिवसापासून करू नये. सागजडी लावल्यावर पहिली दोन वर्षं तण, चराई, रानडुकरं आणि मर यांची असतात आणि यातलं काहीच मॉडेलात नाही. लागवडीची तारीख खरी द्या, पण हिशोब तिसऱ्या वर्षापासून सुरू करा, आणि तेव्हा जिवंत असलेली झाडं मोजून त्यांचं वजन भरा. तपासणी अहवालातली जिवंत रोपांची टक्केवारी इथे घालू नका, कागदावरची ती टक्केवारी फुगलेली असू शकते.

ताडून कशावर पाहायचं

एका वेळच्या मोजणीवर मॉडेल बसवता येतं, तपासता येत नाही. किमान दोन मोजण्या हव्यात, मध्ये पाचेक वर्षं, त्याच झाडांच्या. भूखंड ०.१ हेक्टरचा, म्हणजे ३१.६२ मीटर बाजूचा चौरस. कोपऱ्यांना खुणा, झाडांना क्रमांक. एक तृतीयांश भूखंड बाजूला ठेवावेत, बाकीच्यांवर आकडे बसवावेत आणि मग बाजूच्यांवर परीक्षा घ्यावी. आकडे बसवायला आरमध्येच बेझियन पद्धतीचं (आधीचा अंदाज मोजणीवरून सुधारत नेणाऱ्या सांख्यिकी पद्धतीचं) तयार पॅकेज आहे आणि आर-थ्रीपीजीसोबत त्याचं उदाहरणही दिलंय. ऐंशीचे ऐंशी आकडे मोकळे सोडू नका. प्रकाश-कार्यक्षमता, खोड-पान वाटपाचे दोन आकडे, मुळांचा किमान वाटा आणि पाण्याची क्षमता, एवढे हलवले तरी पुष्कळ.

जुन्या मोजण्या नसतील तर सागाच्या बाबतीत एक सोय आहे जी फार थोड्या उष्णदेशीय झाडांत मिळते: वर्षवलयं स्पष्ट दिसतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने सागाच्या वलयांवरून जुन्या मान्सूनचा अभ्यास केलेला आहे. विरळणीत पडलेल्या खोडांच्या चकत्या जमा करून, घासून, दोन-तीन त्रिज्यांवर वलयं मोजली की वीस-तीस वर्षांची व्यासवाढ हाती येते. मॉडेल दुष्काळी वर्षात जितकी घट दाखवतं तितकी वलयात दिसते का, हा प्रश्न एकदा विचारला की पाण्याचे आकडे बरोबर आहेत की नाहीत ते कळतं. खोट्या वलयांपासून सांभाळावं लागतं, पावसात मोठा खंड पडला की एका वर्षात दोन वलयं दिसू शकतात.

जुळवणी करताना अळ्यांना विसरू नका. निलांबूरला केरळ वन संशोधन संस्थेने दाखवलंय की पानं फस्त करणाऱ्या अळीमुळे कोवळ्या रोपवनाची संभाव्य घनफळ-वाढ ४४ टक्क्यांनी घटते. मॉडेलात कीड नाही. म्हणून अळीचा प्रादुर्भाव झालेल्या भूखंडांवर आकडे बसवले तर ती घट सुपीकतेच्या खात्यात जमा होते, आणि पुढे कीड नियंत्रणाचा फायदा मोजायचा म्हटलं तर वेगळा काढता येत नाही. आगीचंही तेच.

कुठे कमी पडतं

सागाचा भाव घेरावर, लांबीवर आणि सरळपणावर ठरतो. मॉडेल देतं सरासरी व्यास. सरासरी घेर ७५ सेंटिमीटर आला म्हणून ९० च्या पुढची झाडं किती हे कळत नाही. व्यासाचं वितरण काढायची सोय पॅकेजात आहे, पण त्याचे वेगळे आकडे सागासाठी स्वतःच बसवावे लागतात आणि ते काम मूळ मॉडेलाइतकंच मोठं आहे. गाभ्याचं लाकूड किती, बुंध्याजवळच्या खाचा किती, याचा तर विषयच नाही. उत्पन्नाचा रुपयांतला अंदाज यातून काढणाऱ्यांपासून सावध राहावं. १९९० च्या दशकात सागाच्या लागवडीच्या नावावर लोकांकडून पैसे गोळा करणाऱ्या योजनांचं पीक आलं होतं, सेबीला १९९९ मध्ये सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी नियम करावे लागले. त्या काळच्या जाहिरातींतले घेर गाठायला सुपीकता आणि पाणी किती लागेल, हे या मॉडेलात उलट बाजूने काढून पाहण्यासारखं आहे.

नैसर्गिक मिश्र जंगलाला, जिथे साग, ऐन, धावडा, बीजा एकत्र आणि सगळ्या वयांचे आहेत, हे लावू नये. मिश्र पिकाची सोय आहे ती लावलेल्या, ठराविक वयाच्या दोन-तीन जातींसाठी. बुंध्यातून फुटलेल्या धुमाऱ्यांच्या पिकालाही नाही.

पर्याय पाहिले तर अमेरिकेच्या वन सेवेचं एफव्हीएस झाडागणिक वाढ देतं आणि विरळणीची सोय त्यात फार चांगली आहे, पण ते तिथल्या प्रदेशांच्या मोजण्यांवर उभं आहे, सागाला उपयोग नाही. सीओटूफिक्स कार्बनच्या हिशोबाला सोपं, मात्र त्याला वाढीचे आकडे आपणच द्यायचे असतात, तेव्हा आपला मूळ प्रश्न तसाच राहतो. आर नको असेल त्यांच्यासाठी थ्री-पीजीची एक्सेलमधली जुनी आवृत्ती आहे. एकेक पायरी डोळ्यांसमोर दिसते म्हणून शिकायला ती चांगली, फक्त कार्यालयीन संगणकांवर मॅक्रो बंद असल्याने ती बहुधा उघडत नाही.

राष्ट्रीय कार्य आयोजना संहिता २०१४ मध्ये आली आणि २०२३ मध्ये सुधारली गेली. आयोजना दहा वर्षांची असते. त्यात या मॉडेलचे आकडे वापरायचे तर प्राचलांची (मॉडेलात भरलेल्या जातीच्या आकड्यांची) फाइल, हवामानाची फाइल आणि पॅकेजचा आवृत्ती क्रमांक आयोजनेच्या परिशिष्टासोबत जतन करा. नुसते निकालाचे तक्ते छापले तर पुढचा आयोजना अधिकारी ते पुन्हा काढू शकणार नाही आणि त्याला सगळं पहिल्यापासून करावं लागेल.

१९७४ पासून विदर्भात सागाची रोपवनं सांभाळणाऱ्या वन विकास महामंडळासारख्या संस्थेला, जिथे एकवयीन रोपवनं आहेत आणि विरळणीच्या नोंदी असतात, हे सॉफ्टवेअर आज वापरण्याजोगं आहे. वनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना तर जरूर. एकर-दोन एकरात किंवा बांधावर साग लावलेल्या शेतकऱ्याने मात्र याच्या वाटेला जाऊ नये. मॉडेल एकसारखं, मिटलेलं छत्र गृहीत धरतं. बांधावरच्या झाडाला बाजूने उजेड मिळतो, शेजारच्या पिकाचं खत-पाणी मिळतं, त्याची वाढ या हिशोबात बसतच नाही. तिथे कापडी टेपने दरवर्षी पानगळ झाल्यावर, त्याच पट्ट्यावर घेर मोजून वहीत लिहिला की पुरे.